इनममधले बिट फ्लॅग चेक करताना नक्की काय विचारताय?

कोड रिव्ह्यूला बसलं की काही ओळींवरून नजर नुसती घसरत जाते, आणि बिट फ्लॅगचा चेक ही त्यातली पहिली. (इनम म्हणजे नावं दिलेल्या आकड्यांची यादी, आणि बिट फ्लॅग म्हणजे आकड्यातला हो-नाही सांगणारा एकेक बिट.) एक अँपरसँड, दोन कंस, पुढे शून्य नाही ना एवढं बघितलं की झालं, अप्रूव्ह. पण माझं म्हणणं असं आहे की या ओळीत बऱ्याचदा सिंटॅक्स बरोबर असतो आणि प्रश्नच भलता असतो, म्हणजे लिहिणाऱ्याला विचारायचं होतं एक आणि कोडने विचारलं दुसरंच, आणि दोन्हींचं उत्तर बरेच दिवस सारखंच येत राहतं म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

उदाहरणाला नेहमीच्याच परवानग्या घेऊ. (नावं मुद्दाम देवनागरीत लिहितोय, सी शार्प आणि पायथन दोघांनाही अशी नावं खुशाल चालतात, आकडे मात्र देवनागरीत चालत नाहीत, ते टाइप करताना बदलून घ्या.)

वाचन = १
लेखन = २
हटवणं = ४
शेअर = ८

एका परवानगीला एक बिट, त्यामुळे सगळ्या मिळून एका आकड्यात बसतात. वाचन आणि लेखन दिलं की ३, वर हटवणंही दिलं की ७. आता समजा एका युजरकडे ३ आहे (हा आकडा ठेवलेला व्हेरिएबल म्हणजे हक्क) आणि मला बघायचंय की त्याला लेखन आणि हटवणं आहे का. लेखन | हटवणं म्हणजे ६ (| ने दोन्हीकडचे बिट एकत्र होतात, अँपरसँडने दोन्हीकडे ऑन असलेलेच उरतात), आणि ३ & ६ केलं की उरतात २. इथून पुढे दोन ओळी लिहिता येतात:

(हक्क & ६) != ०
(हक्क & ६) == ६

पहिली म्हणते हो, दुसरी म्हणते नाही, आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या आहेत. पहिलीने विचारलं "यातलं एखादं तरी आहे का", दुसरीने विचारलं "यातलं सगळं आहे का". गंमत अशी की मास्कमध्ये (म्हणजे ज्या बिटांबद्दल विचारतोय त्या आकड्यात, इथे ६) एकच बिट असेल तर दोन्ही ओळींचं उत्तर कायम एकच येतं, आणि आपण शिकतो ते एका बिटवरच, त्यामुळे हाताला जी ओळ लागली ती सवयीची होऊन जाते. मग एक दिवस कुणीतरी इनममध्ये "संपादक" नावाचा तयार जोड घालतो, वाचन, लेखन, हटवणं मिळून ७, आणि जुन्या सवयीची != ० वाली ओळ त्याच्यावर चालवतो. आता ज्याच्याकडे फक्त वाचन आहे तोही संपादक ठरला. कंपाइलर गप्प, टेस्टही गप्प, कारण टेस्टमध्ये एक खरा संपादक होता आणि एक अगदीच परवानगी नसलेला, मधला कुणी नव्हताच.

अजून दोन प्रश्न असतात. "नेमकं एवढंच आहे का, जास्तीचं काही नको", त्याला सरळ हक्क == ६. आणि "यातलं एकही नाही ना", त्याला (हक्क & ६) == ०. म्हणजे एखादं, सगळं, नेमकं, एकही नाही, असे चार झाले. "सगळं नाही" आणि "एकही नाही" यांची सरमिसळ तर सर्रास दिसते, वर लिहिलेल्या दुसऱ्या ओळीच्या पुढे उद्गारचिन्ह लावलं की "एकही नाही" होतं असं समजून लोक पुढे जातात, प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो "निदान एक तरी कमी आहे", आणि ब्लॉक करायच्या यादीत असा चेक असेल तर त्याचे परिणाम काय होतील ते सांगायला नको.

सी शार्पवाले म्हणतील की आम्हाला हे काही नको, आमच्याकडे हॅजफ्लॅग ही तयार मेथड आहे. आहे, डॉट नेट ४ पासून, म्हणजे २०१० पासून आहे, आणि एका बिटसाठी मीही तेच वापरतो कारण वाचायला बरं वाटतं. पण त्याने तुमच्या वतीने प्रश्न आधीच निवडून ठेवलाय, तो कायम "सगळं आहे का" एवढंच विचारतो. "एखादं तरी" साठी दुसरी मेथड दिलेलीच नाही, ती आपली आपण लिहायची. आणि शून्य! शून्याचं नाव बहुतेक इनममध्ये असतंच, "काहीनाही = ०". हक्क.हॅजफ्लॅग(काहीनाही) हे कुठल्याही हक्कासाठी खरं येतं, कारण आत (हक्क & ०) == ० एवढंच चाललंय आणि ते खोटं व्हायला जागाच नाही. पायथनमध्ये इनमच्या फ्लॅगवर "इन" लावलं तरी शून्याच्या बाबतीत हेच. वाचताना मात्र ती ओळ "याच्याकडे काहीच नाही का" अशी वाचली जाते, म्हणजे बरोब्बर उलटी. शून्य तपासायचं असेल तर थेट == वापरा, दुसरा मार्ग नाही.

हॅजफ्लॅग स्लो असतं अशी एक जुनी तक्रार अजून फिरत असते, तिच्याबद्दल थोडं. ती खरी होती. मेथडचं पॅरामीटर साध्या इनम टाइपचं, त्यामुळे प्रत्येक कॉलला व्हॅल्यू बॉक्स व्हायची, म्हणजे तिच्यासाठी हीपवर ऑब्जेक्ट तयार व्हायचे, वर दोन्ही बाजूंचा टाइप एकच आहे का याची तपासणी, आणि हे सगळं एका बिटसाठी. आतल्या लूपमध्ये ते चांगलंच जाणवायचं. २०१८ च्या डॉट नेट कोअर २.१ पासून जेआयटी (प्रोग्राम चालताना मशीन कोड बनवणारा कंपाइलर) ही मेथड ओळखतो आणि टाइप आधीच माहीत असेल तर तिच्या जागी सरळ अँड आणि तुलना टाकतो. म्हणजे आज नव्या डॉट नेटवर परफॉर्मन्सचं कारण देऊन हॅजफ्लॅग काढायला लावणं म्हणजे उगाच वाद, पण जुन्या फ्रेमवर्कवर अडकलेला कोड असेल तर ती तक्रार अजूनही लागू आहे.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण, आणि ते परवानग्यांचं नाही, टीसीपीचं आहे, म्हणजे नेटवर्कवर कनेक्शन जोडून डेटा पाठवायच्या नियमांचं. टीसीपी हेडरमध्ये फ्लॅग्सचा एक बाइट असतो. फिन १, सिन २, रीसेट ४, पुश ८, अॅक १६, अर्जंट ३२. कनेक्शन सुरू करणाऱ्या पहिल्या पॅकेटमध्ये सिन ऑन असतो, समोरचा उत्तर देतो त्यात सिन आणि अॅक दोन्ही, म्हणजे १८. आता प्रश्न असा की "कुणीतरी नवीन कनेक्शन मागतंय" हे ओळखायचं कसं. (फ्लॅग्स & सिन) != ० लिहिलं तर उत्तराचं पॅकेटही त्यात सापडतं, कारण सिन त्याच्यातही आहे. मग माणूस म्हणतो, ठीक, नेमकं तपासू, फ्लॅग्स == सिन, म्हणजे बरोबर २. चालतं की! आणि खूप वर्षं चाललंही.

पण त्या बाइटमधले वरचे दोन बिट तेव्हा रिझर्व्ह्ड होते, ते शून्य असायचे. २००१ मध्ये आरएफसी ३१६८ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आला आणि नेटवर्कवर गर्दी झाली की पॅकेट न टाकता इशारा द्यायची सोय, ईसीएन, त्या दोन बिटांवर बसली, ६४ आणि १२८. हे वापरणारं मशीन पहिलं पॅकेट पाठवतं तेव्हा सिनबरोबर हे दोन्ही बिट ऑन करून पाठवतं, २ + ६४ + १२८, झाले १९४. आता == २ लिहिलेल्या फिल्टरला हे पॅकेट नवीन कनेक्शन वाटतच नाही. आणि त्या काळात काही फायरवॉल अशी पॅकेट सरळ टाकून द्यायचे, रिझर्व्ह्ड बिट ऑन दिसला म्हणजे काहीतरी गडबड असं धरून, त्यामुळे ईसीएन चालू केलं की काही साइट्स उघडायच्याच नाहीत. ज्या बिटशी तुमचं देणंघेणं नाही त्याच्याबद्दलही == मत देऊन टाकतो, हा त्याचा खरा प्रॉब्लेम.

बरोबर ओळ अशी:

(फ्लॅग्स & (सिन | अॅक)) == सिन

म्हणजे सिन आणि अॅक या दोनच बिटांकडे बघ, त्यातला सिन ऑन पाहिजे, अॅक ऑफ पाहिजे, बाकीचे गेले उडत. डावीकडचा मास्क सांगतो "कुठे बघायचं", उजवीकडचा आकडा सांगतो "तिथे काय दिसायला हवं". एकदा असं वेगवेगळं बघायला लागलात की मगाचे बाकीचे प्रश्नही यात बसतात. दोन्हीकडे तेच लिहिलं की "सगळं आहे का", उजवीकडे शून्य लिहिलं की "एकही नाही ना", मास्कमध्ये सगळेच बिट घेतले की "नेमकं". "एखादं तरी" तेवढं यात थेट बसत नाही, ते "एकही नाही"च्या उलट. हॅजफ्लॅगने "हे असावं आणि ते नसावं" विचारायला दोन कॉल आणि मध्ये एक नकार लागतो, इथे एका ओळीत होतं आणि माझ्या मते जास्त स्पष्टही दिसतं.

हे सगळं तेव्हाच चालेल जेव्हा आकडे नीट दिलेले असतील, आणि सी शार्पमध्ये इथे एक खड्डा आहे. इनमच्या डोक्यावर फ्लॅग्स अॅट्रिब्यूट लावलं की कंपाइलर आपोआप १, २, ४, ८ देईल असा समज खूप जणांचा असतो. अजिबात देत नाही. ते अॅट्रिब्यूट मुख्यतः टूस्ट्रिंग करताना दिसतं, ३ ऐवजी "वाचन, लेखन" असं स्वल्पविराम देऊन छापतं, बाकी ती वाचणाऱ्या माणसाला आणि टूल्सना दिलेली सूचना. आकडे नाही दिले तर नेहमीसारखे ०, १, २, ३, ४ च पडतात. काहीनाही ०, वाचन १, लेखन २, इथपर्यंत योगायोगाने सगळं बरोबर! हटवणं आलं ३. म्हणजे वाचन आणि लेखन दिलेल्या माणसाला कुणी न देता हटवण्याची परवानगी मिळाली, हॅजफ्लॅग अगदी छातीठोकपणे हो म्हणतो. आणि != ० वाला चेक असेल तर नुसतं वाचन पुरतं, १ & ३ म्हणजे १, शून्य नाही, या आत. म्हणून मी आकडे १ << ०, १ << १, १ << २ असे शिफ्ट करून (१ चा बिट तितक्या जागा डावीकडे सरकवून) लिहितो, मधला एखादा सुटला तर डोळ्याला लगेच दिसतो.

शिफ्टचीही एक गोची आहे पण ती ३२ च्या पुढे गेल्यावर. इनम ६४ बिटांच्या लाँगवर बेतलेला, फ्लॅग वाढत वाढत ३२ च्या वर गेले, आणि कुणीतरी त्याच ओघात १ << ३२ लिहिलं. तो डावीकडचा १ साधा ३२ बिटांचा इंट आहे, सी शार्प आणि जावा दोन्हीमध्ये इंटच्या शिफ्टचे खालचे पाचच बिट धरतात, ३२ चा होतो ०, आणि तुमच्या तेहतिसाव्या फ्लॅगची किंमत येते १, म्हणजे पहिल्याचीच. १ ला लाँग करून शिफ्ट करायचा, एवढंच. त्याच्या अलीकडचा बिटही विचित्रच, १ << ३१ हा इंटमध्ये −२१४७४८३६४८ होतो, त्यामुळे ज्याने (हक्क & मास्क) > ० लिहायची सवय लावून घेतलीय त्याचा चेक या एका बिटवर कायम खोटा येतो. जावास्क्रिप्टमध्येही तेच, तिथे बिटवाले ऑपरेटर ३२ बिट साइन्ड आकड्यांवरच चालतात. > ० कधीच लिहू नका, != ० लिहा, टाइप करायला एकच अक्षर जास्त आहे.

कंसांबद्दल बोललंच पाहिजे. सी मध्ये

फ्लॅग्स & मास्क == मास्क

असं कंसाशिवाय लिहिलं तर आधी == होतो. मास्क == मास्क म्हणजे १, मग फ्लॅग्स & १. तुम्ही कुठलाही मास्क द्या, चेक होतो फक्त सगळ्यात खालचा बिट. आणि खालचा बिट आपण बहुतेक वेळा "वाचन"सारख्या सगळ्यांकडे असणाऱ्या गोष्टीला देतो, त्यामुळे उत्तर नेहमी हो. हा प्राधान्यक्रम असा उफराटा का याचं कारण सीचे जनक डेनिस रिची यांनी स्वतःच सांगितलंय: सुरुवातीला && आणि || नव्हतेच, अटींमध्येसुद्धा & आणि | च वापरायचे, तेव्हा == आधी होणं सोयीचं होतं. नंतर && आले, पण तोवर लिहून झालेला कोड मोडायला नको म्हणून & ची जागा हलवली नाही. ती आजतागायत तिथेच आहे, आणि सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट सगळ्यांनी ती वारशात घेतली. जावा आणि सी शार्प निदान एरर देतात, कारण त्यांच्याकडे आकडा आणि बूलियन यांचा अँड होत नाही. सी मध्ये सगळे वॉर्निंग चालू ठेवले तर जीसीसी कंपाइलर कंस सुचवतो. पायथन, गो आणि रस्ट यांनी क्रम बदलून घेतला, तिथे & आधी होतो, पण या भाषांमधून त्या भाषांमध्ये ये-जा करणाऱ्याने कंस घालत राहावं हेच बरं. उद्गारचिन्हाचंही तसंच, !फ्लॅग्स & मास्क यात नकार आधी फ्लॅग्सला लागतो, सी मध्ये तर त्यातून ० किंवा १ च निघतो.

मग येतो तो प्रकार जो दिसतो फ्लॅगसारखा पण असतो वेगळाच. लिनक्समध्ये फाइल उघडताना फक्त वाचायचं म्हणजे ०, फक्त लिहायचं म्हणजे १, दोन्ही म्हणजे २. हे बिट नाहीत, दोन बिटांच्या जागेत बसवलेला छोटा आकडा आहे, त्याच्या शेजारी मात्र खरेखुरे फ्लॅग आहेत. आता "लिहिता येतं का" म्हणून फ्लॅग्स & १ केलं तर वाचन-लेखन दोन्हीसाठी उघडलेल्या फाइलला उत्तर येतं नाही, कारण तिथे २ आहे. आणि "फक्त वाचायला" यासाठी तर अँड करायला बिटच नाही. तिथे आधी ३ चा मास्क लावून तो आकडा बाहेर काढायचा आणि मग == ने तुलना, परत तेच, कुठे बघायचं आणि काय दिसायला हवं. विंडोजच्या फाइल अॅट्रिब्यूटमध्ये उलटा प्रकार आहे, तिथे "नॉर्मल"ला स्वतःचा बिट आहे, १२८, पण तो एकटा असेल तरच वैध, दुसरं काहीही लागलं की नॉर्मल संपलं. आणि रीड ओन्ली तपासायला == १ लिहिणाऱ्यांची फजिती ठरलेली, कारण फाइलवर अर्काइव्हचा ३२ सहसा असतोच, मिळून ३३.

चेक करणं सोडून काढा-घाला करताना बेरीज-वजाबाकी वापरणारा कोडही अजून भेटतो. वाचन आणि हटवणं असलेल्या माणसाकडे ५ आहे, त्याचं लेखन "काढून टाकायला" २ वजा केले, जे त्याच्याकडे नव्हतंच. राहिले ३. हटवणं गेलं आणि लेखन आलं! घालायला |, काढायला & ~ (~ ने सगळे बिट उलटतात), बस. हे दोन्ही कितीही वेळा केले तरी बिघडत नाही.

जावामध्ये या सगळ्यातून सुटायचा चांगला रस्ता २००४ पासून, जावा ५ पासून आहे, इनमसेट. वापरताना तो साधा सेट, कंटेन्स, कंटेन्सऑल, आणि आत ६४ पर्यंत सदस्य असतील तर एका लाँगमधले बिटच. "सगळं आहे का" ला मेथडचं नावच तसं आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका राहत नाही. बाकी भाषांमध्ये मी दोन छोटे हेल्पर लिहून ठेवतो, एखादंतरी() आणि सगळं(), आणि एकापेक्षा जास्त बिटांचा चेक त्यांच्याशिवाय रिव्ह्यूतून पुढे जाऊ देत नाही. टीममधले वैतागतात. वैतागू देत.

आकडा डेटाबेसमध्ये गेला की मात्र वेगळाच खेळ सुरू होतो. एकदा ४ म्हणजे हटवणं असं साठवलं की तो ४ कायमचा, इनममध्ये मध्येच नवीन नाव घुसवून खालचे सरकवायचे नाहीत, आणि काढून टाकलेल्या फ्लॅगचा बिट दुसऱ्याला द्यायचा नाही. क्वेरीत (हक्क & ४) = ४ लिहिता येतं पण त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स तिथे शोधायला कामाला येत नाही, प्रत्येक रो वाचून अँड करावा लागतो, म्हणून ज्या फ्लॅगवर सारखं शोधायचंय त्याला स्वतंत्र कॉलम द्यावा असं माझं मत आहे, जागा वाचवायच्या नादात पडू नये.

आणि अनोळखी बिट. समोरच्याची व्हर्जन नवीन, त्याने १६ ऑन करून पाठवलं, तुमच्या इनममध्ये १६ आहेच कुठे. सी शार्पचा इनम तो आकडा निमूट धरून ठेवतो, इझडिफाइन्ड (हा आकडा इनममध्ये आहे का सांगणारी मेथड) विचारून काही उपयोग नाही कारण ते वाचन | लेखन सारख्या वैध जोडालाही, त्याला वेगळं नाव नसेल तर, नाही म्हणतं. तपासायचं असेल तर (आलेलं & ~माहीतअसलेलेसगळे) == ० असा चेक लागतो. तो पास नाही झाला तर काय करायचं हे मात्र आधी ठरवावं लागतं. लिनक्सच्या फाइल उघडायच्या जुन्या ओपन कॉलने अनोळखी फ्लॅग नुसते दुर्लक्षित केले, त्यामुळे नवीन फ्लॅग घातला की जुना कर्नल तो गपचूप सोडून देणार आणि प्रोग्रामला वाटणार की मागितलेलं मिळालं. २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये ओपनअॅट२ आला तो अनोळखी बिट दिसला की सरळ एरर देतो. बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्टला मी हेच करतो. साठवलेला डेटा वाचून परत लिहायचा असेल तर मात्र अनोळखी बिट जसेच्या तसे परत लिहितो, कारण ते दुसऱ्या कुणीतरी मुद्दाम ऑन केलेले असतात.